आईला दिसेल एवढी जाड निब

कापूरहोळवरून एसटी नसरापूरच्या बाजूला वळली की खिडकीतून कापलेल्या भाताचा वास यायला लागतो. थोडा गोडसर, थोडा चिखलाचा, त्यात उन्हानं तापलेल्या पेंढ्याची धूळ. यंदाही तो आला. शेजारच्या बाई खिडकी लावायला उठल्या तेव्हा मी म्हटलं, राहू द्या ना जरा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाकाला पदर लावून बसल्या. पुढे विंझरपर्यंत दोन्ही बाजूंना खाचरं होती, काही पिवळी उभी, काही भुंडी झालेली. मी मात्र दुसऱ्याच एका सुगीत जाऊन बसले होते. ती सुगी फार जुनी नाही. आईचे कान गेले त्यानंतरची. त्या दिवसांत मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर जळत होते. हेवा म्हटलं की त्यात थोडं कौतुक मिसळलेलं असतं. माझ्या मनात तेव्हा कौतुकाचा कण नव्हता.

आई विंझरला माझ्या भावाकडे असते. भाऊ मिलिंद, त्याची बायको संगीता, दोन म्हशी आणि नदीकडेची भाताची खाचरं. बहीण सुजाता चंद्रपूरला. तिच्या नवऱ्याची कोळशाच्या खाणीत नोकरी आहे. तिचं येणं वर्षातून एकदा, तेही जमलं तर. मी भोरला, एका शाळेच्या ऑफिसात कारकून. शनिवारी अर्धा दिवस भरला की स्टँडवर यायचं, विंझरला उतरायचं, आईच्या गोळ्या डबीत भरायच्या, तिची नखं कापायची, केसांना तेल लावायचं, चादरी धुवायच्या आणि दिवेलागणीच्या गाडीनं परत. हे करता करता माझ्या मनात एक हक्क तयार झाला होता. आई तिघांची खरी, पण जास्त माझी.

कान हळूहळू गेले. आधी ती टीव्हीचा आवाज वाढवायची, मग शेजारणीला दोनदा विचारायची, मग विचारणंच सोडलं. कानातलं यंत्र आणलं तर म्हणाली, "डोक्यात गिरनी सुरू झाल्यावानी वाटतंय," आणि काढून ठेवलं ते ठेवलंच. फोन दिला की तो कानाला लावून स्वतःचंच सांगायची, "म्या बरी हाय. ठिवते आता." पलीकडे सुजाता बोलत राहायची आणि इकडे आई लाल बटण शोधत असायची.

मग सुजातानं पत्र लिहायचं काढलं. पहिलं पत्र बॉलपेननं लिहिलेलं होतं. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात फारसा जीव नाही. ती म्हणाली, "मुंग्या चालल्यात नुसत्या." मिलिंदनं ते चंद्रपूरला कळवलं. पुढचं पत्र आलं ते शाईचं, काळ्याभोर जाड अक्षरातलं. आईनं ते हातभर लांब धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला लागली.

आई चौथीपर्यंत शिकली. तिच्या वडिलांनी त्या काळी हट्टानं पोरीला शाळेत घातलं होतं. ती वाचते ते बोट ओळीखाली धरून, एकेक शब्द उच्चारून, वर्गात उभं राहिल्यासारखी. ऐकू येत नसल्यामुळे आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नाही. तेव्हा सुजाताचं पत्र आलं की ते खळ्यावर सगळ्यांनाच ऐकू जायचं. आमच्याकडे भात अजून हातानं झोडतात, मशीननं पेंढ्याचा भुगा होतो म्हणून. बायका पेंढी उचलून फळीवर आपटायच्या, दाणे उडायचे आणि त्या आवाजावर आईचा आवाज चढायचा. "आदरणीय आईस, सुजाताचा सविनय जयभीम. इकडे थंडी पडू लागली आहे. शेजारच्या बाईंनी माकडाला पोळी दिली तर त्यानं डबाच नेला." बायका झोडायच्या थांबून हसायच्या. शेजारची हौसाबाई म्हणायची, "फुडं काय झालं, माकडाचं?" आईला ते ऐकू यायचं नाही, पण तोंडं बघून ती ओळखायची आणि तो भाग परत वाचायची.

मी तिथं उभी असायची, पिळलेली चादर हातात घेऊन.

"हे बग रेखा," आई मला बोलवायची, "सुजानं काय अक्षार काढलंय. म्हशीच्या शिंगाएवढं. चष्मा बी लागत न्हाई." मी मान हलवायची. मग ती पत्र घडी घालून पोलक्यात ठेवायची आणि मी आणलेल्या गोळ्यांची डबी बाजूला सरकवायची, नंतर बघू म्हणून.

वर्षभरात मी आणि आई काय बोललो होतो, ते परतीच्या गाडीत एकदा आठवून पाहिलं. मी हाताची मुद्रा करून विचारलं होतं, जेवलीस? बोट दाखवून विचारलं होतं, गोळी घेतली? तिनं मान हलवली होती. बाकी काही नाही. दर आठवड्याला जाऊन मी तिच्याशी मुकी होते आणि शेकडो कोस लांबून सुजाता तिला माकडाच्या गोष्टी सांगत होती. हे ध्यानात आलं आणि त्या रागात मी ठरवलं की आपणही पत्र लिहायचं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "शनिवारी जाणारच आहेस ना? मग पत्र कुणाला?"

घरातला मार्कर घेतला, तो कागदाच्या पाठीवर उतरला. स्केचपेन घेतलं तर सगळी रेघ सारख्याच जाडीची, अक्षर 'येथे वाहने लावू नयेत' अशा पाटीसारखं दिसायला लागलं. सुजाताच्या पत्रात तसं नव्हतं. एका शनिवारी आई झोपलेली असताना मी तिच्या उशाचं पत्र घेऊन निरखून पाहिलं. कान्याची उभी रेघ काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्याएवढी जाड, पण वळणावर तीच रेघ बारीक होत होती. म्हणून नजरेला कळत होतं की अक्षर कुठून निघालं आणि कुठं चाललंय. हे फक्त शाईच्या पेनानं होतं. सुजाताला एक फोन केला असता तर तिनं पेन कुठलं, निब कुठली, सगळं सांगितलं असतं. पण जिच्यावर मात करायची तिलाच कसं विचारायचं?

भोरच्या बाजारात स्टँडकडच्या बाजूला एका काकूंचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे. त्यांच्याकडे शाईची पेनं होती, पण सगळी बारीक टोकाची. "जाड निब कोण मागतंय आता," त्या म्हणाल्या. "पोरं येतात तीसुद्धा बारीकच द्या म्हणतात. वहीत जास्त मावतं." तरी त्यांनी पुण्याला सांगून ठेवलं आणि वह्यांचा टेम्पो आला त्यात माझ्यासाठी एक पुडी आली. एकाच पेनात बसणाऱ्या तीन निबा. एक मध्यम. एक जाड, टोक गोलसर. आणि तिसरी सगळ्यांत रुंद, टोक छिन्नीसारखं सपाट कापलेलं.

काकूंनी दौत उघडून दिली. मी प्रत्येक निब बुडवून गल्ल्याच्या फळीवर कागद ठेवून 'आई' एवढंच लिहून पाहिलं. मध्यम निबेनं लिहिलेलं माझ्या डोळ्यांना छान वाटलं, पण आईच्या डोळ्यांना दिसलं नसतं. दुसरीनं लिहिलेलं भरदार होतं. तिसरीनं मात्र 'आ'चे दोन खांबच उभे केले, आणि 'ई'वरचा रफार असा काही झुकला की मी स्वतःच बघत राहिले. मनात आलं, आता सुजाताचं पत्र याच्या शेजारी ठेवून बघावं कुणीतरी.

"एवढी जाड?" काकू म्हणाल्या. "लग्नाच्या पत्रिका लिहायच्यात का?"

मी तीच पेनात बसवून घेतली. बाकीच्या दोन काकूंनी पुडीत बांधून दिल्या.

त्या निबेनं लिहिलेलं पहिलं पत्र मी आता आठवते तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवत नाही. आठवतं ते हाताला आलेलं सुख. शाई ओली चमकायची आणि मग विझल्यासारखी काळी व्हायची. मी नेहमीच्या रेघी कागदावर, नेहमीच्या आकारात, भोरच्या हवेपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पानंच्या पानं लिहिली. शनिवारी विंझरला पोचले तेव्हा पत्र आलं होतं. आईच्या हातात होतं. तिनं ते लांब धरलं, जवळ आणलं, उजेडाकडे फिरवलं.

"काय लिवलंय गं?" ती म्हणाली. "समदं काळंच दिसतंय."

मी वाकून पाहिलं. घ, ध, भ, सगळ्यांची पोटं शाईनं भरून गेली होती. एकेक शब्द डागासारखा. खळ्यावरून हौसाबाई म्हणाली, "रेखाचं बी वाच की म्हातारे," आणि हातानं कागदाची खूण केली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं सांगितलं, "पोस्टात वलं झालंय ते. येत न्हाई वाचाया." आणि माझं पत्र तिनं सुजाताच्या पत्रांखाली ठेवून दिलं. तिनं मला सांभाळून घेतलं होतं. तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी मी भोरच्या घरी ओट्याशी बसले. सपाट निब काढली, गोलसर टोकाची बसवली. जरा जाड आणि गुळगुळीत कागद आणला होता, ज्यात शाई पसरत नाही. 'घर' लिहिलं, 'धग' लिहिलं, 'भाऊ' लिहिलं. कागद पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, स्वतःचा चष्मा काढला, एका डोळ्यावर तळहात धरला आणि दारापर्यंत मागे गेले. अक्षर मोठं केल्यावर पोटं उघडी राहत होती. एक ओळ सोडून लिहिल्यावर उकार खालच्या अक्षरावर पडत नव्हता. दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडली की शब्द सुटे दिसत होते. असं करत करत माझ्या लक्षात आलं की आईला दिसेल असं लिहायचं तर एका पानावर फार थोडं मावतं. माकडाची गोष्टसुद्धा चार पानं खाईल. तेव्हा लिहायचं ते निवडून लिहायला हवं.

आणि मला खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची होती.

माझी मुलगी आरती दिवाळीला सासरहून आली होती आणि परत जात नव्हती. तिथं तिला कुणी मारत नव्हतं. तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. नवरा महिनोन् महिने गप्प, सासरे ताट सरकवून उठायचे, आणि आमच्याशी फोनवर बोलायचं तर सासूच्या समोर बसून. "मी तिथं भांड्यासारखी आहे ग," ती म्हणाली होती. मी शेजारीपाजारी सांगत होते, दिवाळीला आलीय. दिवाळी सरली तशी, बरं नाहीये तिला. आईला सांगावं असं दर शनिवारी वाटायचं. तिच्या केसांत तेल घालताना शब्द ओठांवर यायचे. पण आईला काही सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलेलं खळ्यावर जाणार, खळ्यावरून गावात. हळू बोलायची सोयच आमच्यात उरली नव्हती.

मी पेन कागदावर टेकवलं ते सुजाताला हरवायलाच. पण जाड निब घाई करू देत नाही. शाई उतरायला वेळ घेते, हात रेंगाळतो, आणि रेंगाळलेल्या हाताला खोटं लिहिणं जड जातं. थोड्या ओळींनंतर सुजाता माझ्या डोक्यातून गेली होती. मी लिहिलं, "आरती परत जाणार नाही म्हणते. मला तिचं पटतं. पण लोक विचारतील त्याची भीती वाटते. तुला ओरडून सांगता येत नाही म्हणून लिहिते." आणखी थोडं होतं. ते पाकिटात घालून टाकलं.

पेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला आणि मग मला आठवलं. आई मनातल्या मनात वाचत नाही.

तो आठवडा कसा गेला ते सांगता येणार नाही. मिलिंदला फोन करून पत्र बाजूला ठेवायला सांगावं, तर तो विचारणार का म्हणून. शनिवारी विंझरला उतरले. खळ्यावर झोडणी चालू होती. हौसाबाई मला बघून म्हणाली, "तुजं पत्र आलंय की रेखा. पर म्हातारी दावंना. वाच म्हनलं तर माझ्या अंगावर आली."

संगीतानं मला चुलीशी गाठलं. ती सासूला आत्या म्हणते. "ताई, आत्या गोठ्यात जाऊन बसल्या होत्या पत्र घेऊन. तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता. मी गेले तर म्हशीला वैरण टाकायला आल्यासारखं केलं."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही असेल. पण पहिल्यांदा जे वाटलं ते वेगळंच होतं. सुजाताची पत्रं सगळ्या गावाची, माझं पत्र एकट्या आईचं. मी त्या धुरात उभी राहून जिंकल्याचा आनंद घेतला.

आईनं संध्याकाळपर्यंत पत्राचा विषय काढला नाही. तेल लावताना तिनं माझा हात धरला आणि थोडा वेळ डोक्यावरच दाबून ठेवला, एवढंच. मी निघाले तेव्हा ती खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या बायकांच्या समोर म्हणाली, "आरतीला धाडून दे हिकडं. झोडनीला मानूस कमी पडतंय. ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

"शिकलेली नात भात झोडनार व्हय?" हौसाबाई हसत म्हणाली. आईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. "झोडंल की. म्या शिकवीन."

आरती पुढच्याच आठवड्यात गेली. विंझरमध्ये कुणी काही विचारलं नाही. ती झोडणीला आली होती, हे सगळ्या गावानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. ती उन्हाळा लागेपर्यंत तिथं राहिली. मग भोरला येऊन नोकरीला लागली, आणि वकिलाकडच्या फेऱ्याही तिच्या तिनं केल्या. पण ते नंतरचं.

त्या सुगीतच एकदा सुजाताचा फोन आला. आधी इकडचंतिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, तू आईला काय लिहितेस ग? मिलिंद म्हणाला, तुझं पत्र ती कुणाला दाखवत नाही. माझी मात्र गावभर वाचते."

"काही नाही ग, असंच," मी म्हणाले.

ती म्हणाली, "तुझं बरं आहे. तुला ती दर आठवड्याला दिसते. माझ्याकडे तिच्यासाठी तेवढं एकच होतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुझी निब कुठली आहे? ती म्हणाली, "निब कसली? सासऱ्यांचं जुनं पेन आहे. वापरून वापरून टोक झिजलंय, म्हणून जाड येतं. दुसरं नव्हतं घरात." मी जिची बरोबरी करायला पुण्याहून निबा मागवल्या होत्या, ती गोष्ट तिनं निवडलीसुद्धा नव्हती. मी तिला म्हटलं, माकडाचं पुढं काय झालं ते लिही, हौसाबाई विचारतात. ती हसली, पण उशिरा.

सुजातावरचं माझं जळणं तिथं ओसरलं. मत्सर मात्र गेला नाही. त्यानं फक्त माणूस बदललं.

आरतीनं जाताना ती सपाट टोकाची निब आणि एक जुनं पेन नेलं होतं. एका पानावर एकच प्रश्न, तळहाताएवढ्या अक्षरांत, असं ती आजीला लिहून दाखवायची आणि आजी तोंडानं उत्तर द्यायची. दिवसभर त्यांचं ते चालायचं. एका शनिवारी मी मागच्या बाजूला धुणं धूत होते आणि दोघी पुढच्या ओसरीवर बसल्या होत्या. प्रश्न मला दिसत नव्हते. उत्तरं स्पष्ट ऐकू येत होती.

"व्हय. गेले हुते की म्या बी."

मग आरती पुढचा प्रश्न लिहीत असणार.

"भांडान न्हाई. तुजा आजा बोलायचाच न्हाई. भिताडासंगट ऱ्हायल्यावानी वाटायचं."

पुन्हा एक प्रश्न.

"पालीला. माझ्या म्हायारी. आख्खा पावसाळा काढला. बा माझा एका शबदानं बोलला न्हाई."

"आला की तुजा आजा मंग न्यायाला. बोलाया लागला त्यातनं, हळूहळू."

मग आई म्हणाली, "न्हाई, तुज्या आईला ठावं न्हाई. तिनं कवा इचारलं न्हाई."

साबणाचं पाणी माझ्या पायांवरून वाहत गेलं. मी तिची थोरली. तिची नखं मी कापते. आणि तिच्या आयुष्यातली ही एवढी गोष्ट माझ्या मुलीनं, चार दिवस राहून, एका पानावर काढून घेतली होती. आरतीवर मी इतकी कधीच जळले नव्हते, पुढेही नाही.

भोरला आल्यावर मी पेन धुतलं, नवी शाई भरली आणि आईला पत्र लिहिलं. एका पानाचं. "आई, तू पालीला गेली होतीस ते मला सांग. मला ऐकायचंय." बाकी काही लिहिलं नाही. खाली रेखा.

पुढच्या शनिवारी झोडणी उरकली होती, खळं झाडून काढलं होतं. मी पिशवी ठेवली, गोळ्यांची डबी काढली. आईनं ती माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवली, पायांत चपला घातल्या आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं. संगीता विचारत राहिली कुठं निघाला म्हणून. आम्ही बांधाबांधानं नदीकडच्या खाचरांत गेलो. सगळीकडे कापलेले बुडखे, मधून मधून बगळे, माणूस कुठं नाही. आई मध्येच थांबून घराकडे वळून बघायची आणि अंतर पुरेसं वाटलं नाही की पुन्हा चालायला लागायची. तिला हळू बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

शेवटच्या बांधावर ती बसली. मला शेजारी बसवलं. पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरुवात केली.

"तू कडंवर हुतीस," आई म्हणाली, "आन् पाऊस काय थांबायचं नाव घेईना."